हँडल उंच हवं की जवळ?

क्रूझर मोटरसायकलचं हँडल बदलायला पुण्याच्या नाना पेठेत किंवा दिल्लीच्या करोल बागेत कोणी गेलं, की काउंटरवरून पहिला प्रश्न येतो, ‘किती इंची दाखवू?’ हे इंच उंचीचे असतात. दहा, बारा, चौदा, सोळा. गिऱ्हाईकही मान वर करून त्याच क्रमानं भिंतीवरची क्रोमची हँडलं न्याहाळतं. मूठ किती वर जाणार हे सगळेच विचारतात. ती मागे, म्हणजे चालवणाऱ्याच्या दिशेनं, किती येणार हे क्वचितच कोणी विचारतं. माझं म्हणणं असं की, क्रूझरच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न आधी विचारायला हवा. हँडलची उंची डोळ्यांत भरते, पण पाठीला, मनगटाला आणि खांद्याला जाणवतं ते त्याचं अंतर. बाजारात या मापाला पुलबॅक म्हणतात. ते चुकलं तर बाकीची मापं बरोबर असूनही तासाभरात हात अवघडतात. आणि ते जुळलं तर उंचीचा प्रश्न बहुतेक वेळा आपोआप सुटतो. हे असं का होतं, ते समजायला आधी क्रूझरवर माणूस बसतो कसा, ते पाहावं लागेल.

साध्या प्रवासी मोटरसायकलवर पाय कमरेच्या जवळजवळ खाली असतात. खड्डा आला की चालवणारा नकळत पायांवर भार घेऊन किंचित उठतो आणि धक्का गुडघ्यांत जिरतो. क्रूझरवर ही सोय नसते. सीट खाली असते आणि पाय पुढे ताणलेले असतात. बजाज अ‍ॅव्हेंजर २२० ची सीट जमिनीपासून ७३७ मिलिमीटरवर आहे आणि दोन चाकांच्या आसांमधलं अंतर १४९० मिलिमीटर. रॉयल एन्फील्ड मीटिऑर ३५० मध्ये हेच आकडे ७६५ आणि १४०० आहेत. या लांब, बुटक्या बांधणीत शरीराचा जवळपास सगळा भार बैठकीवर आणि कण्याच्या खालच्या टोकावर येतो. पाय पुढे असल्यामुळे पुढे झुकणाऱ्या धडाला पायांचा आधार मिळत नाही. मुठी लांब असल्या की कंबर मागे आणि खांदे पुढे अशी पाठ धनुष्यासारखी वाकते, आणि रस्त्याचा प्रत्येक धक्का त्या वाकलेल्या कण्यातून वर चढतो. त्यात वाऱ्याची भर पडते. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे साठऐवजी नव्वदच्या वेगानं गेलं की छातीवरचा दाब सव्वादोनपट होतो. ताठ बसलेल्या माणसाला हा दाब मागे लोटतो, आणि त्याला धरून ठेवतात ते फक्त हात. हात पूर्ण ताणलेले असतील तर तो सगळा ताण खांद्यांच्या सांध्यांवर आणि बोटांच्या पकडीवर येतो. कोपर थोडं वाकलेलं असेल तर दंडाचे स्नायू तो सहज पेलतात. कोपर वाकलेलं राहणार की ताणलेलं, हे ठरवणारं माप उंचीचं नाही, अंतराचं आहे.

इतिहासातही हाच क्रम दिसतो. मोटरसायकल सायकलीतून जन्मली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकी गाड्यांची चित्रं पाहिली तर हँडलच्या दोन्ही भुजा लांबच लांब मागे आलेल्या दिसतात, जणू चालवणारा खुर्चीत बसून लगाम धरतो आहे. ती हँडलं उंच नव्हती, पण हाताजवळ होती. उंचीची हौस दुसऱ्या महायुद्धानंतरची. जुन्या गाड्यांचे जादा भाग कापून त्या हलक्या करणारी तरुण मंडळी पुढे पुढचा फोर्क लांबवू लागली. फोर्क लांब झाला, गाडीचं तोंड वर आलं आणि हँडलही त्याच्याबरोबर वर गेलं. फांदीला लोंबकळणाऱ्या वानरासारखे हात वर जातात म्हणून या हँडलला ‘एप हँगर’ हे नाव पडलं. १९६९ च्या ‘ईझी रायडर’ या चित्रपटानं ती लांब फोर्कची, उंच हँडलची मोटरसायकल जगभर पोहोचवली. पण ज्या देशात ही फॅशन वाढली तिथेच तिला कायद्याचा लगामही बसला. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी उंचीची मर्यादा घातली. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात तर चालवणाऱ्याचे हात खांद्याच्या पातळीपेक्षा सहा इंचांहून वर जाता कामा नयेत असं कलमच आहे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, मर्यादा मोजली गेली ती चालवणाऱ्याच्या खांद्यापासून. हँडलचं माप शेवटी माणसाच्या शरीरावरूनच काढावं लागतं.

मग हँडलची मापं तरी कोणती? मुख्य चार. पहिलं रुंदी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. दुसरं उंची, म्हणजे क्लॅम्पमध्ये पकडलेल्या मधल्या भागापासून मूठ किती वर आहे ते. तिसरं पुलबॅक, म्हणजे त्याच मधल्या भागापासून मूठ किती मागे आली ते. आणि चौथं, ज्याची चर्चा सगळ्यात कमी होते ते, मुठीचा कोन. हा कोन समजून घ्यायला एक पेन्सिल पुरते. ताठ बसा, कोपरं सैल सोडा, हात गाडी चालवताना जसे असतात तसे समोर आणा आणि दोन्ही मुठींत एकेक पेन्सिल सहज धरा. दोन्ही पेन्सिली एका सरळ रेषेत येत नाहीत. त्यांची बाहेरची टोकं थोडी मागे वळलेली आणि थोडी खाली झुकलेली दिसतात. मनगट जेव्हा कुठल्याच बाजूला मुरडलेलं नसतं तेव्हा मूठ अशी तिरकी असते. आता त्या पेन्सिली मुद्दाम एका रेषेत आणून पाहा. मनगट एका बाजूला दुमडतं आणि हाताच्या कडेला ताण जाणवतो. क्लच दाबत, ब्रेक लावत, अ‍ॅक्सिलरेटर पिळत तीन तास मनगट असंच दुमडलेलं ठेवलं, तर बोटं बधिर होऊ शकतात. सरळसोट ड्रॅग बार क्रूझरवर बसवल्यानंतर येणाऱ्या तक्रारींचं मूळ पुष्कळदा इथे असतं. जे हँडल मागे येतं त्याची मूठ बहुधा याच नैसर्गिक कोनात वळते, म्हणून पुलबॅक आणि कोन ही जोडीनं पाहण्याची मापं आहेत.

उंची आणि अंतर ही दोन मापं एकमेकांपासून सुटी नाहीत, हे बाजारात कोणी सांगत नाही. क्रूझरचा फोर्क उभ्या रेषेपासून बराच मागे झुकलेला असतो. समजा हा कल तीस अंशांचा आहे, आणि हँडलखाली फोर्कच्याच रेषेत पन्नास मिलिमीटरचे रायझर, म्हणजे हँडल उचलणारे ठोकळे, बसवले. हँडल सरळ पन्नास मिलिमीटर वर जाईल असं वाटतं, पण प्रत्यक्षात ते सुमारे त्रेचाळीस मिलिमीटर वर आणि पंचवीस मिलिमीटर मागे येतं. म्हणजे उंचीसाठी घेतलेल्या रायझरनं एक इंच पुलबॅकही दिला, आणि पुष्कळांना जो आराम ‘हँडल उंच केल्यामुळे’ वाटतो तो खरं तर या एका इंचाचा असतो. दुसरा हिशेब हँडल फिरवण्याचा. ज्या हँडलची उंची दोनशे मिलिमीटर आहे ते क्लॅम्पमध्ये सैल करून दहा अंश मागे फिरवलं, तर मुठी जवळपास पस्तीस मिलिमीटर जवळ येतात. एक पैसाही लागत नाही. मात्र त्याच दहा अंशांनी मुठीही फिरतात आणि त्यांचा मनगटाशी जुळलेला कोन बदलतो. म्हणून थोडं फिरवणं हा उपाय आहे, खूप फिरवणं हा नवा त्रास. एवढं गणित माहीत असलं की पैसे खर्च करण्याआधीच अर्धा प्रश्न सुटतो.

आता गाडी वळवण्याकडे येऊ, कारण हँडलचं मूळ काम तेच. हँडल हा एक तरफेचा दांडा आहे. मूठ मध्यापासून जितकी दूर, तितकी वळवायला ताकद कमी लागते. आठशे मिलिमीटर रुंद हँडलऐवजी सहाशे चाळीसचं बसवलं, तर तेवढंच वळण घ्यायला हाताला पंचवीस टक्के जास्त जोर लावावा लागतो. लांब चाकअंतराच्या जड क्रूझरवर हा फरक जाणवतो, आणि तो सगळ्यात महाग पडतो तो अचानक काही आडवं आल्यावर. वेगात असलेली मोटरसायकल डावीकडे न्यायची तर डावी मूठ पुढे ढकलावी लागते. मग गाडी डावीकडे कलते आणि वळते. हे तंत्र पुष्कळ जण नकळत वापरतात, पण आणीबाणीत ते हातात असावं लागतं. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांच्या गटानं लॉस एंजेलिस परिसरातले सुमारे नऊशे मोटरसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले आणि १९८१ मध्ये त्याचा अहवाल दिला. अपघातात सापडलेल्या चालकांमध्ये अशी मूठ ढकलून झटकन बाजूला होण्याचं कौशल्य जवळजवळ दिसलंच नाही, असं त्यात नोंदवलं आहे. आणि लांब फोर्कच्या चॉपरसारख्या किंवा कॅफे रेसरसारख्या बदललेल्या मोटरसायकली अपघातांमध्ये त्यांच्या प्रमाणापेक्षा जास्त आढळल्या, असंही. हा दुसरा निष्कर्ष जपून वाचावा लागतो. गाडी बदलणारा माणूसच कदाचित जास्त धाडसी असेल. सगळा दोष हँडलचा म्हणता येणार नाही. पण दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले तर एक गोष्ट उरते: मूठ पुढे ढकलायला कोपरात वाक लागतो. आधीच पूर्ण ताणलेला हात आणखी पुढे कुठे जाणार?

यावरून पुलबॅक जितका जास्त तितका चांगला, असा समज होईल, तर तोही चुकीचा आहे. होडीचं सुकाणू आठवा. सुकाणूच्या दांड्याचं टोक उजवीकडे ढकललं की होडी डावीकडे वळते, आणि दांडा जितका लांब तितका हात आडवा जास्त सरकवावा लागतो. मुठी स्टिअरिंगच्या आसापासून फार मागे आल्या की हँडलचंही असंच होतं. हिशेब करून पाहता येतो. मूठ मध्यापासून चारशे मिलिमीटर बाजूला आणि आसापासून अडीचशे मिलिमीटर मागे आहे असं धरा. हँडल पस्तीस अंश डावीकडे वळवलं तर उजवा हात सुमारे पावणेतीनशे मिलिमीटर पुढे जातो, डावी मूठ पोटाकडे येते, आणि शिवाय दोन्ही मुठी सरासरी सुमारे चौदा सेंटिमीटर उजवीकडे सरकतात. मूठ मागे नसती तर उजवा हात साधारण दोनशे तीस मिलिमीटरच पुढे गेला असता आणि हे आडवं सरकणंही झालं नसतं. सरळ रस्त्यावर हे कधीच कळत नाही. कळतं ते ताम्हिणी किंवा आंबोली घाटातल्या अवघड वळणावर, पार्किंगमधून गाडी काढताना, अरुंद गल्लीत मागे वळताना: आतली मूठ टाकीला किंवा गुडघ्याला टेकते, बाहेरच्या हाताचा आवाका संपतो आणि दोनशे किलोच्या आसपासची गाडी त्याच क्षणी कलते. म्हणून पुलबॅकची खालची मर्यादा पाठ ठरवते आणि वरची मर्यादा पूर्ण वळवलेलं हँडल. या दोहोंच्या मधे जी काही बोटांची जागा उरते, तीच तुमच्या गाडीसाठी योग्य जागा.

उंचीचा पक्ष घेणाऱ्यांचं म्हणणं मला मनापासून समजतं. क्रूझर ही घाई नसलेल्या माणसाची गाडी आहे. वर उचललेले हात, उघडी छाती आणि समोर लांब रस्ता या बैठकीत एक ऐट आहे, आणि ती ऐट हे गाडी घेण्याचं खरं कारण असू शकतं. सौंदर्य ही फालतू गोष्ट नाही. जी गाडी आवडते तिची माणूस निगाही जास्त राखतो. पण उंचीची किंमत काय, ते माहीत असायला हवं. हात हृदयाच्या पातळीच्या वर बराच वेळ राहिले की रक्त वर पोचवायला जास्त श्रम पडतात, खांदे लवकर थकतात आणि बोटांना मुंग्या येतात. दुसरी किंमत क्लॅम्पला मोजावी लागते. जोरात ब्रेक लावला की धड पुढे जातं आणि मुठींवर समजा वीस किलो वजनाइतका दाब येतो. मुठी क्लॅम्पपासून दहा सेंटिमीटरच वर असतील तर क्लॅम्पवर येणारा पीळ सुमारे वीस न्यूटन-मीटर असतो. त्या चाळीस सेंटिमीटर वर असतील तर ऐंशी. मूळ हँडलसाठी बनवलेल्या क्लॅम्पकडून आपण चौपट पकड मागतो, आणि ती नेमकी त्या क्षणी मागतो जेव्हा हँडल फिरून खाली आलं तर सावरायला वेळ नसतो. तिसरी गोष्ट रस्त्यांची. उंच हँडलची बैठक लांबलचक, सरळ, मोकळ्या महामार्गांसाठी जमून गेली. आपल्याकडचे तसे रस्ते म्हणजे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग, आणि दोन्हींवर दुचाकीला प्रवेशच नाही. आपली क्रूझर चालते ती जुन्या महामार्गांवर, घाटांत आणि शहरातल्या गर्दीत. ज्याला उंची हवीच आहे त्यानं ती जरूर घ्यावी, पण हात खांद्याच्या खालीच राहतील एवढी, आणि पुलबॅक आधी जुळवून. ऐट त्यातही राहते.

दुसरा आक्षेप उलट बाजूनं येतो: कंपनीच्या अभियंत्यांनी एवढा अभ्यास करून जे हँडल दिलं, ते बदलायचंच कशाला? या आक्षेपात तथ्य आहे आणि बहुतेकांनी मूळ हँडलच ठेवावं असंच मीही म्हणेन. पण कारखाना सरासरी माणसासाठी हँडल बनवतो. माणसानं दोन्ही हात पसरले की त्यांचा आवाका साधारण त्याच्या उंचीएवढा असतो. म्हणजे पाच फूट तीन इंचांच्या आणि सहा फुटांच्या दोन माणसांत एका बाजूच्या आवाक्याचा फरक साडेचार इंचांच्या आसपास पडतो. एकच हँडल या दोघांना सारखं बसणं अवघडच. म्हणून बदल करायचा तर पायरीपायरीनं करावा. आधी मूळ हँडल क्लॅम्पमध्ये थोडं फिरवून पाहावं आणि त्याच वेळी क्लच-ब्रेकच्या लिव्हरचा कोनही जुळवावा; बोटं ठेवल्यावर हाताची मागची बाजू आणि लिव्हर एका उतारावर यायला हवेत. त्यानं भागलं नाही तर रायझर, कारण छोट्या रायझरला पुष्कळदा मूळ केबल पुरतात. आणि तेवढ्यानंही मनगटाचा कोन किंवा रुंदी जुळत नसेल, तेव्हाच नवं हँडल. या क्रमात प्रत्येक पायरीवर काही दिवस गाडी चालवून पाहायला मिळते, आणि चूक झालीच तर स्वस्तात सुधारता येते.

नव्या हँडलपर्यंत पोचलात, तर दुकानात जाण्याआधी घरी माप घ्यावं. त्याला एक सोबती, एक टेप, खडू आणि वायरिंगसाठी वापरतात तशा प्लास्टिक पाईपचे दोन तुकडे पुरेत. गाडी सरळ उभी धरायला सोबत्याला सांगा. पाय फूटपेगवर ठेवून, पाठ जशी नेहमी टेकते तशी टेकून बसा. जॅकेट आणि हेल्मेट घालूनच बसा, कारण त्यांनी खांद्यांची हालचाल बदलते. आता डोळे मिटा, खांदे सोडा आणि हात आपोआप जिथे येतील तिथे आणून पाईपचे तुकडे मुठीत धरा. डोळे मिटायचे ते एवढ्यासाठी की उघड्या डोळ्यांनी हात जुन्या हँडलकडेच ओढला जातो. सोबत्यानं क्लॅम्पच्या मध्यापासून मुठीपर्यंतची उंची, मागचं अंतर आणि दोन मुठींमधली रुंदी मोजावी. पाईप किती तिरके आहेत ते मागच्या भिंतीवर खडूनं रेघ ओढून टिपावं. तीनदा उतरून पुन्हा बसा आणि तीनदा मोजा. तिन्ही वेळा मुठी जवळपास तिथेच आल्या, तर ते माप तुमच्या शरीराचं. रुंदीबाबत एक भर: मुठी खांद्यांच्या थोड्या बाहेर असाव्यात, पण आपण रोज ज्या फाटकातून, ज्या बोळातून जातो ते विसरू नये. मीटिऑर ३५० आरशांशिवाय ८४५ मिलिमीटर रुंद आहे. त्यात आणखी दहा सेंटिमीटर वाढवले तर दोन रिक्षांमधून जाण्याचा अंदाज पुन्हा शिकावा लागतो.

वस्तू निवडताना नळीचा व्यास आधी पाहावा. भारतीय बनावटीच्या बहुतेक मोटरसायकलींची मूठ बावीस मिलिमीटरच्या नळीवर बसते. हार्लेसारख्या मोठ्या अमेरिकी क्रूझरवर ती एक इंचाची, म्हणजे २५.४ मिलिमीटरची असते. हा तीन मिलिमीटरचा फरक पत्र्याची पट्टी गुंडाळून भरून काढायला काही जण तयार असतात. ते कधीही मान्य करू नये. ब्रेकच्या पिळाचा जो हिशेब वर मांडला, तो अशा पट्टीवर सोडता येत नाही. क्लॅम्पमध्ये बसणारा मधला सरळ, खडबडीत भाग पुरेसा रुंद आहे का, तेही पाहावं. धातूंत पोलाद जड असलं तरी पडल्यावर वाकतं आणि आपण वाकल्याचं दाखवतं. अ‍ॅल्युमिनियम हलकं आणि गंज न धरणारं, पण पडून वाकलं की ते सरळ करून पुन्हा वापरू नये, कारण आतली चीर बाहेरून दिसत नाही. नळी आणि तिचं वजन बदललं की इंजिनाची थरथर मुठीत जाणवण्याचा वेगही बदलतो. मूळ हँडलच्या टोकांना लावलेली वजनं त्यासाठीच असतात; नव्या हँडलवरही ती परत बसवावीत.

बसवण्याच्या कामात सगळ्यात जास्त चुका केबलमध्ये होतात. हँडल काही इंच वर किंवा मागे गेलं की क्लचची केबल, अ‍ॅक्सिलरेटरची केबल, पुढच्या ब्रेकची नळी आणि बटणांच्या वायरी, सगळ्यांना तेवढी लांबी लागते. ताणून बसवलेली केबल दुकानासमोर चालते आणि घाटात दगा देते. ब्रेकची नळी बदलायची तर द्रव पुन्हा भरून हवा काढावी लागते. भारतात १२५ सीसीवरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झाल्यापासून ही नळी एबीएसच्या यंत्रणेतून जाते, त्यामुळे हे काम माहीतगार मेकॅनिककडेच द्यावं. बटणांच्या खोक्याला आतून एक छोटी खुंटी असते आणि ती नळीतल्या भोकात बसते. नव्या हँडलला ते भोक नसलं तर ती खुंटी घासून टाकण्याचा सोपा मार्ग सुचवला जातो. त्यानं खोकं नळीवर फिरू शकतं, आणि अ‍ॅक्सिलरेटरचं खोकं फिरणं म्हणजे गाडीचा वेग हातात न राहणं. भोक योग्य जागी पाडून घ्यावं, क्लॅम्पचे बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनंच आवळावेत. सगळं झाल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये सुरू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावं. इंजिनाचा आवाज जराही चढला, तर अ‍ॅक्सिलरेटरची केबल ओढली जाते आहे. मुठी टाकीला टेकतात का, नळी फोर्कमध्ये अडकते का, क्लच तेवढाच सैल राहतो का, हे त्याच वेळी कळतं. ही दोन मिनिटांची तपासणी झाल्याखेरीज गाडी गॅरेजबाहेर काढू नये.

कायद्याचा प्रश्न टाळून चालणार नाही. गाडीचं प्रत्येक मॉडेल विक्रीला येण्याआधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून मान्य होतं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे तत्त्व ठामपणे मांडलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. हँडलचं माप नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेलं नसतं, म्हणून ते बदलायला हरकत नाही असा युक्तिवाद केला जातो. त्यावर विसंबून राहण्यापेक्षा मूळ हँडलच्या जवळचा बदल करणं, कंपनीच्या अधिकृत यादीत हँडल किंवा रायझर असेल तर तोच घेणं आणि विमा कंपनीला लेखी कळवणं शहाणपणाचं. इथेही पुलबॅकचा मार्ग सुरक्षित ठरतो. दोन इंच जवळ आलेलं हँडल चालवणाऱ्याला लगेच जाणवतं, बाकी कोणाचं त्याच्याकडे लक्षही जात नाही; सोळा इंचांचं एप हँगर चौकातल्या पोलिसाला सिग्नलच्या पलीकडूनही दिसतं.

म्हणून दुकानात जाताना खिशात एक चिठ्ठी असावी. तिच्यावर मिलिमीटरमध्ये चार आकडे: मागे किती, वर किती, रुंद किती, आणि नळीचा व्यास किती. खाली मुठीच्या कोनाची एक रेघ. काउंटरवरून ‘किती इंची दाखवू?’ असा प्रश्न आला की ती चिठ्ठी पुढे करावी आणि भिंतीवरचं हँडल खाली काढून, पाठीमागे कोरा कागद धरून, टेपनं ते चार आकडे स्वतः ताडून पाहावेत. दुकानदाराला पाच मिनिटं जास्त लागतील. पण ज्या हातांना ते हँडल पुढची दहा वर्षं धरायचं आहे, त्यांचं माप त्या दुकानात त्या चिठ्ठीवाचून कुठेच लिहिलेलं नसतं.